जुन्याच नळ्या चालतील

१२ सप्टेंबर

खटपट्या,

फोनवर काही विचारलं की तू बाबांची तब्येत विचारतोस, मग तुमच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजची गाऱ्हाणी सांगतोस आणि "बरं, ठेवतो" म्हणतोस. म्हणून कागदावर लिहितेय. कागदाला "ठेवतो" म्हणता येत नाही.

बाबांच्या खोलीतलं खोली तापवायचं मशीन बदलायचं ठरवलंय. गेल्या थंडीत त्यांची छाती दोनदा भरून आली. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, या वर्षी खोली बावीस अंशांच्या खाली गेली तर माझ्याकडे आणू नका, थेट हॉस्पिटलात न्या. आपलं मशीन कण्हतकुथत सतराच्या वर चढत नाही. ते माझ्यामुळे दुबळं झालं, हे मी विसरलेले नाही. नऊ वर्षं झाली, बाहेरच्या युनिटसमोर मी हातरुमालसुद्धा वाळत घातलेला नाही. असो. आता नवा हीट पंप घेतेय. बाहेर कितीही गारठा असला तरी त्यातूनच ऊब ओढून आत आणतो म्हणे.

जागा बघायला मिस्त्रीबाई आली होती. तिशीची असेल, कानामागे पेन्सिल, बोलणं तोलूनमापून. बाहेरच्या युनिटपासून बाबांच्या खोलीपर्यंत तू भिंतीतून नेलेल्या तांब्याच्या नळ्या तिने दोन्ही टोकांना तपासल्या. "मापाला जुळतात, जाडीही पुरेशी आहे. वाकवल्यात सुरेख. कुणाचा हात?" मी म्हटलं, माझ्या धाकट्या भावाचा. एवढी मान ताठ झाली माझी!

मग म्हणाली, "नळ्या याच ठेवता येतील. पण एक सांगा, जुन्या मशीनचा कॉम्प्रेसर कधी जळला होता का?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "विचारून नक्की सांगा. तो जळला की तेलात आम्ल तयार होतं आणि नळीला आतून धरून बसतं. तुमची नळी उंबऱ्याखाली खोलगट गेलीय. तिथलं मी कितीही धुतलं तरी सगळं निघेल असं छातीठोक सांगता येत नाही. आणि नवं मशीन त्या आम्लाने आतून खाल्लं जातं. तसं असेल तर भिंत फोडून नव्या नळ्याच टाकू."

भिंत फोडायचं नाव काढताच बाबांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. "मी या खोलीतून हलणार नाही."

नळ्या तू टाकल्यास, मशीन तू बसवलंस, दुरुस्त्याही तूच केल्यास. तेव्हा तूच सांग. कधी जळला होता का?

ताई

२० सप्टेंबर

ताई,

हसू की डोकं आपटू? अगं, नळ्यांना काय धाड भरलीय! तांबं आहे ते, पावसात ठेवलेलं पुस्तक नव्हे. आमच्याकडे माझ्या जन्माआधीच्या नळ्यांतून गॅस फिरतोय आणि मासळी दगडासारखी गोठतेय.

ही नवीन पोरं दोन महिन्यांचा कोर्स करतात आणि कानामागे पेन्सिल लावून लोकांच्या भिंती फोडत सुटतात. नवं तांबं विकायचं असतं, दुसरं काय! तुला यंत्रातलं कळत नाही हे तिने दारातच ओळखलं असणार.

कॉम्प्रेसर जळलेला नाही. तसं तिला स्पष्ट सांग. जुन्याच नळ्या चालतील. बाबांना अजिबात हलवू नकोस, ते म्हणतात ते बरोबर आहे.

आणि राग मानू नकोस, पण नव्या युनिटसमोर तरी कपडे वाळत घालू नकोस.

खटपट्या

७ ऑक्टोबर

खटपट्या,

मशीन बसलं! मी हे तेवीस अंशांत बसून लिहितेय. बाबांनी स्वेटरची वरची दोन बटणं उघडलीत. ती उघडलेली मी किती वर्षांनी पाहिली ते आठवेना.

मिस्त्रीबाई तीन दिवस राबत होती. नळ्यांतून औषध सोडून धुतलं, वाळवलं, मग दाबाखाली रात्रभर ठेवून गळती तपासली. खरं सांगू, मला ती आवडली. तू लिहिलंस तशी नाही. तिने एक छापील कागद पुढे केला. घराची माहिती, नळ्यांची माहिती आणि एक प्रश्न: याआधी कॉम्प्रेसर जळला होता काय? होय, नाही. खाली घरमालकाची सही.

तुला ठाऊकच आहे, नोंदणी कार्यालयात बावीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आलेय, वाचल्याशिवाय सही करू नका. मी दोनदा वाचलं. "नाही"वर खूण केली आणि सही ठोकली.

बाबा पलंगावरून बघत होते. "काय लिहिलंस?" म्हणाले. मी म्हटलं, जळला नव्हता असं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटतं अजून त्यांच्या मनात भिंत फोडायची धास्ती आहे. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, आता कुणी नाही हात लावणार तुमच्या भिंतीला.

ताई

१५ ऑक्टोबर

ताई,

बघ! सांगत नव्हतो? बटणं उघडल्याचं वाचून बरं वाटलं. इकडे बोटी आल्यात, मान वर करायला फुरसत नाही.

खटपट्या

२६ नोव्हेंबर

खटपट्या,

रागात लिहितेय. अक्षर लावून वाच.

मशीन बंद पडलं. पाच आठवडे चाललं फक्त. कंपनीचा एक तपासनीस आला, कोटाला इस्त्री, बुटांना चिखल लागू नये म्हणून अंगणातून उड्या मारत. त्याने आतलं तेल काढलं. ते काळं होतं आणि असा वास, की मला खिडकी उघडावी लागली. तेलात एक कागदी पट्टी बुडवली, तिचा रंग बदलला. आणि हा गृहस्थ माझ्याकडे न बघता म्हणतो, "बाई, हा आधीच्या जळक्या मशीनचा मळ आहे. तुम्ही माहिती लपवलीत."

मी! मी लपवली!

काल त्यांचं पत्र आलं. "ग्राहकाने स्वाक्षरीनिशी खोटी माहिती दिल्याने हमी रद्द." स्वाक्षरीनिशी. दुसऱ्यांची खोटी कागदपत्रं पकडण्यात माझा जन्म गेला आणि आज माझ्याच सहीखाली खोटं हा शब्द. वर मिस्त्रीबाईचंही काम थांबवलंय. खातरजमा न करता जुन्या नळ्या वापरल्या, असा ठपका. ती बिचारी आली होती. ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना माझ्या खोलीत आणलंय. इथे छोटा हीटर आहे, तो जवळ भाजतो आणि दोन हातांवर गारठा. त्यांना पुन्हा खोकला सुरू झालाय.

तू जाणकार आहेस. या कोटवाल्याला कागदावर उत्तर दे. नळ्या स्वच्छ होत्या, मशीन कधी जळलं नव्हतं, तुमचा मालच सदोष आहे, असं ठणकावून लिही. तुझ्या सहीने लिही. मी ते त्यांच्या टेबलावर आपटून येते.

ताई

१० डिसेंबर

दोन आठवडे तुझं उत्तर नाही. फोन वहिनी उचलते आणि "ते बोटीवर आहेत" म्हणते. तुम्ही बोटीवर कधीपासून मशीनं दुरुस्त करायला लागलात, हे मी तिला विचारलं नाही. तिचा आवाजच रडवेला होता.

आता उत्तराची गरज उरली नाही. परवा बाबांना चहा देताना मी म्हटलं, बाबा, नवं मशीनही गेलं हो, कॉम्प्रेसर जळला म्हणतात. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले,

"परत?"

बस. एवढंच. मी म्हटलं, परत म्हणजे? मग त्यांना तोंड लपवायला माझ्या खोलीत भिंतही सापडेना. तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं. मी तीन आठवडे कार्यालयाच्या प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा मशीन जळलं. तू येऊन आतलं यंत्र बदललंस. मला सांगायचं नाही, असं त्यांच्याकडून वचन घेतलंस.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही मला सही करताना पाहिलंत. तुम्ही विचारलंत, काय लिहिलंस. तेव्हा तरी बोलायचं. तर म्हणतात, "तो लहान होता गं."

तू चौतीस वर्षांचा होतास! दोन मुलांचा बाप होतास! मी अडतीसची होते, मी नव्हते लहान? या घरात लहान व्हायला काय करावं लागतं, ते मला एकदा कुणीतरी सांगा.

आणि माझे कपडे? दोरीवरच्या कपड्यांनी हवा अडली, तुझ्या अडाणीपणामुळे मशीन थकलं, असं तूच म्हणालास ना अंगणात उभं राहून? शेजारीण ऐकत होती. नऊ हिवाळे मी त्या मशीनची माफी मागत जगले. बाबा कुडकुडले की मला वाटायचं, हे माझं पाप. रिमोटला हात लावताना मला अपराधी वाटायचं, खटपट्या. वस्तूला हात लावताना.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण चोर निदान परका असतो.

खरं काय ते लिही. सगळं.

१७ डिसेंबर

ताई,

चार कागद फाडले. हा पाचवा.

मशीन बसवल्यावर गॅस सोडण्याआधी नळ्यांतली हवा आणि ओल पंप लावून ओढून काढायची असते. तासभर, कधी जास्त. आमच्या कामावरचा पंप त्या दिवशी दुसऱ्याने नेला होता आणि बाबा म्हणत होते, आजच चालू कर, तुझ्या हातचं आहे, बघू दे. मी थोडा गॅस सोडून हवा बाहेर हुसकून दिली. तेव्हा बरेच जण तसं करत. ओल आत राहिली. दोन वर्षांत तिचं आम्ल झालं आणि कॉम्प्रेसर जळला.

मी नुकताच इथे मुख्य मिस्त्री झालो होतो. माझ्या स्वतःच्या घरातलं मशीन माझ्या हाताने जळलं, हे कळलं असतं तर लोक हसले असते. एका बंद दुकानातून निघालेला कॉम्प्रेसर मिळाला, तो बसवला. लहान होता. सतराच्या वर जाणं त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. नळ्या नुसत्या फुंकून घेतल्या.

मग तू परत आलीस आणि म्हणालीस, खोली का तापत नाही रे? समोर दोरीवर तुझी चादर होती. मी काही ठरवून बोललो नाही. चादर दिसली, तोंडातून निघून गेलं. आणि तू लगेच "अगं बाई, खरंच!" म्हणून ती ओढून काढलीस. तू जरा भांडली असतीस, तर मी सांगितलं असतं. असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगतोय.

सप्टेंबरमध्ये तू विचारलंस तेव्हा वाटलं, धुतल्यावर निघून जाईल. नळ्या चालतील. मला मनापासून हवं होतं की चालाव्यात.

मी रजा टाकतो. येऊन भिंत मीच फोडतो, नव्या नळ्या मीच टाकतो. या वेळी सगळं रीतसर करतो. मला करू दे.

खटपट्या

२३ डिसेंबर

नको.

"तू जरा भांडली असतीस तर." हे वाक्य मी बस थांब्यावर उभी राहून वाचलं आणि माझी बस गेली. तुझ्या खोटेपणातही चूक माझीच निघाली. वा!

तू लगेच माफी मागितली नाहीस, हे एक बरं केलंस. मागितली असतीस तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मला सध्या बाबांना वाफ द्यायची असते.

भिंत तू फोडायची नाहीस. नळ्याही तू टाकायच्या नाहीस. तुझा हात सुरेख आहे, ते मिस्त्रीबाईने सांगितलंच. मला सुरेख नकोय. जिने खरं विचारलं तीच आपलं काम करेल.

तुला काही करायचंच असेल तर हे कर. तिला पत्र लिही. मला जे लिहिलंस तेच, पण चादर, बाबा, लोक हसले असते, हे सगळं गाळून. काय केलं, काय केलं नाही, कोण खोटं बोललं. तारखेसह, पूर्ण नावाने, हुद्द्यासह. ते ती कंपनीला देईल आणि कंपनी तुझ्या मालकांना फोन करून खात्री करून घेईल, हे लक्षात ठेवून लिही. न लिहिलंस तरी मी तुझी बहीणच राहीन. पण मग तू मला पत्र लिहू नकोस.

३० डिसेंबर

मिस्त्रीबाईंस,

तुम्ही बसवलेला हीट पंप ज्या घरात जळला, त्या घरातला मी धाकटा मुलगा. मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मुख्य मिस्त्री आहे. पूर्ण नाव, हुद्दा आणि पत्ता खाली दिला आहे.

त्या घरातलं आधीचं मशीन अकरा वर्षांपूर्वी मी बसवलं. नळ्या निर्वात न करता गॅस भरला. दोन वर्षांनी कॉम्प्रेसर जळला. मी कमी ताकदीचा जुना कॉम्प्रेसर बसवला. नळ्या धुतल्या नाहीत, तेलाची आम्लचाचणी केली नाही.

तुम्ही विचारलेला प्रश्न माझ्या बहिणीने मला पत्राने विचारला. मी "जळलेला नाही" असं लेखी उत्तर दिलं. ते जाणूनबुजून खोटं होतं. तिला खरं माहीत नव्हतं. तिने माझ्या शब्दावर सही केली. तुमच्या कामात दोष नाही. विचारायला हवं होतं ते तुम्ही विचारलंत.

एका मिस्त्रीने दुसऱ्याला असं लिहिण्याची वेळ येऊ नये.

(खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता)

१८ फेब्रुवारी

खटपट्या,

तुझं पत्र तिने मला दाखवलं. त्यावर मी काही बोलणार नाही. तिचं काम पुन्हा सुरू झालं. माझ्या नावापुढचा "खोटी माहिती" हा शेरा कंपनीने मागे घेतला. हमी दिली नाही. कुणाची का असेना, माहिती खोटीच होती, असं कोटवाल्याचं म्हणणं. भांडून मी त्यांच्याकडून नवा कॉम्प्रेसर निम्म्या किमतीत काढला. हो, भांडले. जमतं मला. सवय नव्हती.

या महिन्याच्या सुरुवातीला भिंत उघडली. सिमेंटची धूळ अजून माझ्या वहीच्या पानांत आहे. तुझ्या नळ्या तुकडे करून अंगणात ठेवल्या होत्या. मिस्त्रीबाईने उंबऱ्याखालचा तुकडा उभा चिरून दाखवला. बाहेरून तांबं लखलखत होतं आणि आत काजळीसारखा थर. बोट फिरवलं तर बोट काळं.

नव्या नळ्या टाकून झाल्यावर तिने पंप लावला. मी खुर्ची ओढून दाबाच्या काट्यासमोर बसले. दीड तास. ती म्हणाली, "इतका वेळ कुणी बघत बसत नाही, ताई." मी म्हटलं, मला बघायचंय. काटा खाली गेला आणि तिथेच ठाम राहिला. मग सही केली.

बाबा परत आपल्या खोलीत गेलेत. तेवीस अंश. खोकला ओसरलाय. संध्याकाळी मी रिमोट हातात घेतला, चोवीस केलं आणि खाली ठेवला. कुणालाही न विचारता. इतकी साधी गोष्ट. राग गेलाय असं समजू नकोस. सकाळी दात घासताना येतो, भाजी चिरताना येतो. कधी तुझा, कधी त्यांचा. त्यांचा जास्त येतो, आणि त्यांच्यावर काढता येत नाही, म्हणून मग पुन्हा तुझा येतो.

बाबा रोज विचारतात, तो कधी यायचाय? मी म्हटलं, यायला हरकत नाही, पण बोलवायचं असेल तर तुम्ही बोलवा. आणि त्याला लिहिण्याआधी तुम्हाला मला काही लिहायचं असेल तर तेही लिहा. एक कोरा कागद आणि पेन त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

नऊ दिवस झाले. कागदावर एक ओळ आहे. अक्षर हललंय, पण त्यांचंच. "पोरी, तू सही केलीस तेव्हा मी जागा होतो आणि" इथपर्यंत. पुढे काही नाही.

काल मी चहा द्यायला गेले तर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. तूच कर गं पुढचं, म्हणाले. आयुष्यभर या घरातले सगळे अर्धे कागद मीच पुरे केलेत. अर्ज, फॉर्म, शाळेची पत्रं, तुझ्या नोकरीचा पहिला अर्जसुद्धा.

मी पेनाचं टोपण काढलं, पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि कागद परत त्यांच्यासमोर सरळ करून ठेवला.

ताई